भाताच्या मुदीतलं देवगिरी

पानात भात पडला की काका तो लगेच कालवत नसत. चमच्यानं थापून उंच करायचे, भोवती वरणाचा वेढा सोडायचे आणि शेजारच्याला विचारायचे, "हे देवगिरी. हा डोंगर, हा खंदक. आता सांगा, शाळा कुठं होती?"

शेजारचा बिचारा टेक्सासमधल्या प्लेनोत कुणाच्या तरी गराजमध्ये कागदी प्लेट सावरत बसलेला. त्याला काय ठाऊक! तुमच्याही मंडळात असे एक काका असतील. त्यांच्या शेजारची खुर्ची लोक हळूच टाळतात. आमच्याकडे ती बहुधा माझ्या वाट्याला यायची. नवऱ्यामागून आलेली, डिपेंडंट व्हिसा, नोकरी नाही पण गाडी आहे, म्हणजे मी सगळ्यांची ड्रायव्हर. काकांना लायब्ररीत नेणं-आणणंही माझ्याकडेच होतं.

औरंगाबादला त्यांनी जन्मभर इतिहास शिकवला. काकू गेल्यावर मुलानं इकडे आणलं. "प्लेनो म्हणजे स्पॅनिशमध्ये सपाट. डोंगराखालच्या माणसाला कुठं आणून टाकलंय बघा," म्हणायचे. यादवांच्या त्या राजधानीत उच्च शिक्षण कसं चालायचं, हा त्यांचा ध्यास. संगीत, व्याकरण, वैद्यक यांवर तिथं ग्रंथ झाले, मग ते शिकणारी पोरं राहायची कुठं, जेवायची कुणाकडे? "गड सगळे बघतात हो. राजधानी पडते तेव्हा गाजावाजा होतो. शाळा हळूहळू बंद पडते, म्हणून कुणाला कळतच नाही."

हे सगळं मन लावून ऐकणारं एकच माणूस होतं, त्यांची नात. आजोबांचं मराठी तिला निम्मंच कळायचं. "आजोबा, गर्ल्सना पण शिकवायचे?" ती विचारायची.

"पुरावा नाही बाळ. तू शोध," काका म्हणायचे आणि दिवसभर खुशीत असायचे.

हायस्कूलच्या शेवटच्या वर्षी, बारावीला, तिनं मध्ययुगीन इतिहासच शिकायचं ठरवलं. चांगल्या कॉलेजात प्रवेशही मिळाला. काकांनी स्वतः मिल्क पावडरचे पेढे केले. करपलेले होते, पण नाही म्हणायची कुणाची छाती!

आणि त्याच महिन्यात त्यांच्या मुलाची टेलिकॉममधली नोकरी गेली. तेव्हा आमच्या भागात घरोघरी तेच चाललं होतं. मुलगा त्यांना म्हणाला, "बाबा, हिस्टरी करून काय करणार ती? माझं ऐकत नाही. तुमचं ऐकेल. तुम्ही सांगा." हे मला काकांनीच लायब्ररीच्या पार्किंगमध्ये सांगितलं. मग म्हणाले, "आज जाताना जरा हळू चालव."

नात लायब्ररीतून आली आणि मागच्या सीटवर बसली. काका मागे वळले नाहीत. समोर बघतच म्हणाले, "बाळ, कॉम्प्युटर घे. इतिहास कुठं पळून जात नाही."

"बट आजोबा, यू सेड..."

"मी रिकामा माणूस. रिकामी माणसं बोलतात."

मला त्या क्षणी त्यांच्या मुलाचा भयंकर राग आला. पण त्या बिचाऱ्याचं तरी काय चुकलं होतं? आरशात पोर दिसत होती. रडली असती तर बरं वाटलं असतं.

त्यानंतर काकांनी लायब्ररी सोडली. गुडघे दुखतात म्हणायचे. एकदा गणपतीच्या जेवणात कुणीतरी थट्टेनं विचारलं, "काय काका, सापडली का शाळा?"

"बंद पडली," काका म्हणाले. सगळे हसले. 

पुढे ते औरंगाबादला परत गेले ते गेलेच. काही वर्षांनी वारल्याची बातमी आली तेव्हा मी त्यांच्या मुलाकडे भेटायला गेले. त्याला पुन्हा नोकरी लागली होती. नात ऑफिसातून थेट आली होती, गळ्यात बॅज तसाच. काहीतरी बोलायचं म्हणून मी म्हटलं, "तुझ्या भल्यासाठीच सांगितलं गं त्यांनी."

"आय नो, मावशी," ती म्हणाली. बॅजची दोरी तिनं बोटाला गुंडाळली. "मी फाइट करायची सगळी तयारी केली होती. डॅडशी. आजोबांशी नाही."