नाताळच्या सकाळी मी तिला घरी ठेवलं

गेल्या वर्षी नाताळच्या सकाळी मी माझ्या आजारी बायकोला चर्चला येऊ नकोस असं सांगितलं. कारण तिच्या पोटावर शौचाची पिशवी होती आणि तिचा वास येईल अशी मला भीती वाटत होती. त्यानंतर मी एकटा चर्चला गेलो आणि देव माणूस झाला या विषयावर पंचवीस मिनिटं बोललो. संदेश चांगला झाला, असं सगळे म्हणाले.

हे आधी लिहून टाकतो, नाहीतर पुढचं सगळं वाचून कोणी मला सेवाभावी नवरा समजेल.

मी चोपन्न वर्षांचा आहे. उरणकडे एका गोदामात सुपरवायझर आहे, राहायला पनवेलजवळ विचुंब्यात. आमच्या चर्चच्या पाळकसाहेबांकडे दोन मंडळ्या आहेत, नाताळला ते दुसऱ्या मंडळीत असतात, त्यामुळे पनवेलच्या मंडळीत नाताळचा संदेश गेली अकरा वर्षं मी देतो. सरोज, माझी बायको, शाळेत शिकवायची. आम्हाला दोन मुली, दोघी लग्न होऊन बाहेरगावी.

सरोजला शौचातून रक्त जायला लागलं ते त्याच वर्षी एप्रिलमध्ये. मी म्हणालो, मूळव्याध असेल, इसबगोल घे. ती चार महिने इसबगोल घेत राहिली. वजन उतरलं, ब्लाउज सैल झाले, तरी आम्ही दोघं त्याला उन्हाळा म्हणत राहिलो. तुमच्या घरात कोणाला असं रक्त जात असेल तर घरच्या घरी रोगाचं नाव ठरवू नका. डॉक्टरला दाखवा.

ऑगस्टमध्ये पनवेलच्या एका हॉस्पिटलात कोलोनोस्कोपी झाली. म्हणजे गुदद्वारातून कॅमेरा असलेली नळी घालून मोठं आतडं आतून बघतात. मग बायॉप्सी, म्हणजे तिथला एक तुकडा काढून तपासणं. रिपोर्टला आठवडा लागला. सर्जननी कागदावर आतड्याचं चित्र काढलं, एका जागी पेनाने गोल केला आणि म्हणाले, "कॅन्सर आहे. पण पसरलेला दिसत नाही. ऑपरेशन करू, मग केमो. बरं होण्यासारखं आहे." सरोजने विचारलं, "शाळेत कधी जाता येईल?" मी त्या गोलाकडे बघत होतो.

ऑपरेशन ऑक्टोबरमध्ये झालं. गाठ काढून आतडं परत जोडलं. तो जोड भरून येईपर्यंत मैला तिथून जायला नको, म्हणून इलिऑस्टॉमी केली. म्हणजे लहान आतड्याचा एक भाग पोटाच्या उजव्या बाजूला त्वचेबाहेर काढतात. त्या तोंडाला स्टोमा म्हणतात. त्यातून मैला बाहेर येतो, पातळ, दिवसभर, कधीही. त्यावर एक पिशवी चिकटवावी लागते. "सहा-आठ महिन्यांची गोष्ट आहे, परत आत घालू," असं सर्जन म्हणाले होते.

पिशवी रिकामी कशी करायची, बदलायची कशी, हे सिस्टरनी दोघांना शिकवायला बोलावलं. मी फोन आल्याचं निमित्त करून बाहेर गेलो. थोरली मुलगी पंधरा दिवस राहिली, तिने केलं. ती गेल्यावर सरोज आपलं आपण करायला लागली. ती बाथरूममध्ये असताना मी हॉलमध्ये टीव्हीचा आवाज वाढवायचो. औषधं आणायचो, फाइल नीट लावायचो, तिच्यासाठी रोज गुडघे टेकून प्रार्थना करायचो. तिच्या पोटाकडे मात्र दोन महिने एकदाही पाहिलं नाही.

डिसेंबरच्या पहिल्या रविवारी ती उपासनेला आली. मधल्या गीताच्या वेळी पिशवीची कड सुटली. ती शालीने पोट दाबून उठली आणि बाहेर गेली. पुढच्या बाकावरची दोन माणसं मागे वळली. एवढंच झालं. त्या दोन माणसांना आज काही आठवतही नसेल. मला मात्र कोणी भर मंडळीत माझे कपडे उतरवावेत तसं झालं.

नाताळच्या सकाळी ती साडेसातलाच तयार होती. हिरवी रेशमी साडी, पिशवीवरून सैलसर नेसलेली. आरशासमोर पदराला टाचण्या लावत होती. मी दारात उभा राहून म्हणालो, "आज तू घरीच थांब. गर्दी असते. लहान मुलं असतात. उगाच वास-बिस आला तर तुलाच लाजल्यासारखं होईल."

तिने आरशातूनच माझ्याकडे पाहिलं. "मला?"

"म्हणजे... बरं दिसत नाही."

"बरं," ती म्हणाली आणि टाचण्या काढायला लागली.

संदेशात मी काय बोललो ते माझ्या वहीत आहे. देव दुरून निरोप पाठवत बसला नाही, तो स्वतः आला, आपल्यासारखं शरीर घेऊन आला, आपली भूक, आपला थकवा, आपली दुखणी त्याने आपली म्हटली. हे सगळं खरंच आहे, मी ते आजही मानतो. पण माझ्या संदेशातल्या त्या शरीराला पोट नव्हतं. चर्चमध्ये मांडलेल्या गोठ्यात कापूस होता, चांदीचा कागद होता, बाळ होतं. वास कसलाच नव्हता.

त्यानंतर सरोज कमी जेवायला लागली. अर्धी पोळी, दोन घास भात. पाणीही घोट-घोट. मी विचारलं तर म्हणायची, भूक नाही. केमो सुरू व्हायची होती, त्या काळजीने असेल असं मी धरलं. खरं असं होतं की पिशवी रिकामी राहावी म्हणून ती पोट रिकामं ठेवत होती. हे मला नंतर सिस्टरकडून कळलं. इलिऑस्टॉमीच्या माणसाचं पाणी आणि क्षार त्या तोंडातून सतत जात असतात. त्याने न पिऊन चालतच नाही.

जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात एका सकाळी तिच्या पोटऱ्यांत गोळे आले आणि उठताना डोळ्यांसमोर अंधारी येऊन ती पलंगाशीच खाली बसली. रिक्षाने हॉस्पिटलात नेलं. क्रिएटिनिन वाढलं होतं. हा रक्तातला एक घटक आहे, तो वाढला म्हणजे मूत्रपिंडं नीट काम करत नाहीत. सलाईन लावलं. "अजून दोन दिवस घरी काढले असते तर किडन्या गेल्या असत्या," डॉक्टर म्हणाले. "आता केमो पुढे ढकलावी लागेल. पाणी का सोडलं होतं तुम्ही?"

सरोज म्हणाली, "तहानच लागत नव्हती, डॉक्टर."

मी फाइल हातात धरून शेजारी उभा होतो. तिने माझं नाव घेतलं नाही. मीही घेतलं नाही.

दोन खाटांची खोली होती. दुसऱ्या खाटेवर उरणकडच्या एका गावातली तरुण बाई, पोटाच्या ऑपरेशनची. तिची सासू हिराबाई दिवसभर तिच्याजवळ. तिसऱ्या दिवशी दुपारी सरोजची पिशवी गळली. तिच्या एका हाताला सलाईन. मी बेल दाबली, पण सिस्टर दुसऱ्या पेशंटमध्ये अडकलेल्या. मी पुन्हा बेल दाबली, मग दाराशी जाऊन बघून आलो.

हिराबाई सुनेचे केस विंचरत होत्या. म्हणाल्या, "ओ भाऊ, ती घंटी तुटंल आता. तुमाला हात नाय का?"

"सिस्टर येतायत," मी म्हणालो.

"तीन दिस बगतंय मी. गोली देताव, पानी देताव, डोले मिटून परार्थना पन करताव. हात काय लावत नाय. तुमच्यात बायकोला हात लावला तं पाप लागतं का?"

त्यांची सून म्हणाली, "गप बसा ना, आई."

"का गप बसू? तुजा मी करतंय ना? तू तं लोकाची पोरगी हायस. ही याची बायको हाय."

आणि सरोज हसली. कित्येक दिवसांनी हसली. हसताना पोट हललं आणि आणखी गळलं, तशी ती आणखी हसली.

मी हातमोजे घातले. पिशवी वरून खाली सोलायची, एका हाताने त्वचा दाबून धरायची, हे सरोजने पडल्या पडल्या सांगितलं. पिशवी निघाली आणि मी पहिल्यांदा स्टोमा पाहिला. लालभडक, ओला, ओठाच्या आतल्या बाजूसारखा. तो हलत होता. आजूबाजूची कातडी सोलवटून निघाली होती. इतके दिवस तिथे आग होत असणार आणि ती बाथरूममध्ये एकटीच कोमट पाण्याने पुसत असणार.

किळस आली. खोटं लिहीत नाही. पण किळस आली तरी हात चालतात. मी ओल्या कापसाने पुसलं, कोरडं केलं, पावडर लावली, नवी पिशवी चिकटवली. ती वाकडी बसली. हिराबाई म्हणाल्या, "शिकंल हलूहलू," आणि पुन्हा केस विंचरायला लागल्या.

दुसऱ्या दिवशी पिशवी बदलताना मी सरोजला म्हणालो, "मला गोठा दिसतो सारखा. त्या बाळालाही हे सगळं असणारच ना. शी, शू, उलटी."

"मग? बाळंत्यात गुंडाळलं असं दरवर्षी वाचता तुम्ही. बाळंती काय सजावटीची असतात? मरियेने धुतली असतील ना ती?" ती म्हणाली. "आपल्या दोन पोरी झाल्या. एक तरी बाळंतं धुतलंत?"

नव्हतं धुतलं. मी अकरा वर्षं जो देव लोकांना सांगत होतो, तो आधी कोणाच्या तरी हातांनी रोज स्वच्छ होत होता. त्याने अशक्त, गळकं, दुसऱ्यावर अवलंबून असलेलं शरीर घेतलं आणि त्याची त्याला लाज वाटली नाही. लाज मला वाटत होती, तीही माझ्या शरीराची नाही, तिच्या.

पुढचे सात महिने पिशवी मी बदलली. ज्यांच्या घरी ही वेळ येईल त्यांच्यासाठी लिहितो. पिशवी एक तृतीयांश भरली की रिकामी करा, जड झाली की सुटते. पिशवीच्या चिकट बाजूचं भोक स्टोमाच्या मापाचंच कापा, उघडी कातडी राहिली की सोलते. सकाळी उठल्या उठल्या, काही खायच्या आधी बदला, तेव्हा स्टोमा शांत असतो. मीठ-साखरेचं पाणी डॉक्टर सांगतील तितकं रोज द्या. लघवी कमी झाली किंवा गोळे आले तर वाट बघू नका. आणि शिकवायला बोलावतील तेव्हा बाहेर जाऊ नका.

केमो उशिरा का होईना पुरी झाली. ऑगस्टमध्ये छोटं ऑपरेशन करून आतडं आत घातलं. आता पोटावर फक्त वण आहे. ती शाळेत जाते. तपासण्या चालू राहतील.

या सगळ्या काळात मी तिची माफी मागितली नव्हती. मी पिशवी बदलतो, तीच माफी, असं मनाशी धरलं होतं.

या डिसेंबरमध्ये नाताळच्या आठवडाभर आधी मी संदेश लिहिला. दरवर्षी तो पहिल्यांदा तिला वाचून दाखवतो. रविवारी दुपारी ती करंज्या भरत होती, मी समोर बसून वाचत होतो. यंदा मी गेल्या नाताळचं सगळं त्यात घातलं होतं, माझ्या पापाची कबुली मंडळीसमोर द्यायची म्हणून.

"थांबा," ती म्हणाली. "हे मंडळीत वाचायचं नाही. एवढ्या लोकांत माझं पोट नको. कुठे लिहायचं तर लिहा, कोणाला उपयोग होईल. चर्चमध्ये नको."

"पण मला ते सांगायला हवं, सरोज."

"कोणाला?"

मी वहीचं पान सरळ केलं.

"दीडशे माणसांना सांगणार होतात. मला कधी सांगितलंत?"

"तुला तर माहीतच आहे."

"मला माहीत आहे. तुम्ही सांगितलं नाहीत."

तिने करंजीची कड दुमडली, ती ताटात ठेवली आणि हात पुसून माझ्याकडे बघत राहिली. मी वही मिटली. मंडळीसमोर बोलायची सवय होती, एका माणसासमोर नव्हती. शब्द जसे आले तसे बोललो.

"सरोज, मी तुला नाताळच्या दिवशी घरी ठेवलं. तुला लाज वाटेल म्हणालो, ते खोटं होतं. मला तुझी लाज वाटली. त्यामुळे तू जेवण-पाणी सोडलंस, आणि डॉक्टरांनी विचारलं तेव्हा मी शेजारी उभा राहून गप्प बसलो. चूक माझी होती. मला माफ कर."