सकाळी सहाचा आकडा

अनया, ईशान, हे तुम्हांला तुमचे बाबा वाचून दाखवतील, आणि वाचताना ते मध्येच थांबले तर थांबू द्या. तीस वर्षं मी शाळेत इंग्रजी शिकवलं, त्यामुळे तुम्हांला स्वतः वाचता येईल असं इंग्रजीत लिहिणं मला सोपं होतं. पण इंग्रजीत मी फार सावरून लिहिते, आणि ही गोष्ट सावरून लिहिली तर पुन्हा खोटीच होईल. आजोबांना जाऊन सहा आठवडे झाले. ‘अचानक गेले’ असं मी सगळ्यांना सांगितलं, तुम्हांलाही. मागच्या आठवड्यात तुमच्या बाबांनी हॉस्पिटलला द्यायचा एक तक्रारअर्ज माझ्या सहीसाठी पाठवला. दर मंगळवारी फोन करणाऱ्या कमला सिस्टरने हलगर्जी केली, नाहीतर डिसेंबरात आम्ही पाहिलेला हसताखेळता माणूस दोन महिन्यांत जातो कसा, असा त्याचा मतलब आहे. आता गप्प राहिले तर एका निर्दोष बाईची नोकरी जाईल. म्हणून आत्ता लिहिते आहे.

गणपतीच्या सुमारास आजोबांना पहिल्यांदा अ‍ॅडमिट केलं, ते तुम्हांला माहीत आहे. त्यांचं हृदय बंद पडलं नव्हतं, थकलं होतं. पूर्वीच्या जोराने रक्त पुढे ढकलत नव्हतं, म्हणून अंगात पाणी साठायचं, आधी पायांत आणि मग छातीत. घरी सोडायच्या दिवशी कमला सिस्टर स्टूल ओढून माझ्यासमोर बसली. चाळिशीची, ठेंगणी, बोलायला फटकळ. म्हणाली, “आंटीजी, डॉक्टर साहब महीने में एक बार देखेंगे, आप रोज़ देखेंगी. असली नर्स तो आप हैं.” मग तिने सगळं समजावलं. रोज सकाळी लघवी झाल्यावर, चहाच्या आधी, सारख्याच कपड्यांत वजन करायचं. तीन दिवसांत दोन किलो वाढलं तर मंगळवारची वाट न पाहता फोन करायचा, कारण ते वाढलेलं वजन म्हणजे पाणी असतं. मीठ मोजून, पाणी मोजून, आडवं झाल्यावर दम लागू नये म्हणून उशा किती लागतात तेही पाहायचं. मला हे सगळं फार आवडलं, खोटं कशाला बोलू? मला कामं ठरलेली असलेली आवडतात. त्याच संध्याकाळी मी इंदरगंजच्या बाजारातून जाड पुठ्ठ्याची वही आणली, रेघा आखल्या, आणि लोणच्याची बरणी शेजारच्या शिंदेवहिनींकडे पोचती केली. आजोबा दारातून बरणीकडे बघत राहिले. म्हणाले, “मालू, मुलगी सासरी पाठवतोय आपण.”

वजनकाटा न्हाणीघराबाहेर भिंतीशी असायचा. माझ्या मोतीबिंदूमुळे वाकून आकडा वाचणं मला जमत नसे. म्हणून सहाच्या ठोक्याला आजोबा काट्यावर उभे राहून मोठ्याने आकडा सांगायचे आणि मी स्वयंपाकघरातून वहीत लिहायची. ते त्यांच्या सवयीतलंच होतं. कॉलेजात जन्मभर त्यांनी फिजिक्सची प्रॅक्टिकल्स घेतली होती. रीडिंग आधी लिहायचं, विचार नंतर करायचा, हा त्यांचा नियम. घरी बसून बनवलेली रीडिंग्ज ते लांबून ओळखायचे. पोराच्या तोंडावर वही धरून म्हणायचे, “बेटा, ये कॉपी लैब में नहीं, रसोई में बनी है.” मग रात्री जेवताना मला सांगायचे, खरं रीडिंग जरासं हलतं, या गाढवांना हलवतासुद्धा येत नाही…

त्यांना मात्र हलवता येत होतं. एकाहत्तर पॉइंट चार, एकाहत्तर पॉइंट सहा, एकदा सत्तर पॉइंट नऊ. अख्खा डिसेंबर वहीत असाच आहे. मी दर मंगळवारी तो सिस्टरला फोनवर वाचून दाखवायची आणि ती म्हणायची, “वाह आंटीजी, आपकी जैसी दस और मिल जाएँ तो मेरी छुट्टी.” मी खूश व्हायची.

तुम्ही आलात तेव्हा कडाक्याची थंडी होती. ग्वाल्हेरची थंडी तुम्हांला नवी, म्हणून आजोबा दिवसभर कानटोपी आणि दोन-दोन लोकरी मोज्यांत बसतात याचं तुम्हांला हसू यायचं. ईशान, तू पडावाच्या चौकातून कचोऱ्या आणल्यास तो दिवस आठवतो? तू पुडा उघडलास आणि माझ्याकडे पाहिलंस. आजोबा म्हणाले, “आजीला विचार. आजचा आकडा बघ म्हणावं.” मी खरोखर वही उघडून पाहिली, आणि अर्धी कचोरी दिली. तेव्हा तुला अजिबात वाईट वाटून घ्यायचं कारण नाही. परवानगी मी दिली होती, आणि त्या अर्ध्या कचोरीने काही झालंही नसेल. पण ती परवानगी ज्या आकड्यावर दिली, तो त्यांनी मनाने बनवलेला होता.

तुम्ही गेल्यावर पाचव्या दिवशी कमला सिस्टर दारात उभी राहिली. हजीऱ्याला दुसऱ्या पेशंटकडे आली होती, चहाला म्हणून वळली. आजोबा खुर्चीत बसल्या बसल्या झोपले होते. आठवडाभर ते तसेच झोपत होते. आडवं झालं की पाठ दुखते म्हणत. सिस्टर चहा विसरली. “अंकलजी, मोज़े उतारिए.” ते म्हणाले, “ठंड है सिस्टर.” “ठंड मुझे भी लगती है, उतारिए.” त्यांनी हलायचं नाव काढलं नाही, तेव्हा तिने खाली बसून स्वतःच मोजे ओढले. नडगीवर अंगठा दाबला आणि काढला. तिथे खळगा पडला, आणि तो तसाच राहिला. मग तिने त्यांना काट्यावर उभं केलं. सत्त्याहत्तर. तिने माझी वही उचलली, पानं उलटली, माझ्याकडे पाहिलं. “आंटीजी, इसमें तो इकहत्तर है…” ती मला खोटारडी समजते आहे, हे माझ्या लक्षात आलं. तेवढ्यात आजोबा म्हणाले, “इनको कुछ मत कहिए. इन्होंने वही लिखा जो मैंने बोला.”

त्यांना त्याच दुपारी अ‍ॅडमिट केलं. हे सगळं तुमच्या बाबांना तेव्हाच सांगायला हवं होतं. पण मास्तरांनी रीडिंग्ज बनवली हे मुलाला सांगायची मला लाज वाटली, आणि त्या लाजेपायी मी सिस्टरला उघड्यावर सोडलं. तिने आपलं काम केलं. खोटे आकडे तिच्या कानांत माझ्या आवाजात गेले. म्हणून सही नाही.

वॉर्डात तिसऱ्या दिवशी त्यांना नीट बोलता आलं, तेव्हा मी विचारलं, “का?”

“पोरं येणार होती.”

“मग मला सांगायचं.”

“सांगितलं असतं तर तू त्याच मिनिटाला सिस्टरला फोन केला असतास.”

“केलाच असता.”

“मग? पोरांनी पंधरा दिवस या खाटेभोवती बसायचं होतं का?” जरा दम घेऊन म्हणाले, “आणि आकडा चांगला आला की तू दिवसभर गुणगुणायचीस, मालू. वाईट आला की मॅट्रन व्हायचीस.”

मी म्हटलं, “माझं जाऊ द्या. माझ्या तोंडून त्या बाईला फसवलंत.” संध्याकाळी सिस्टर आली तेव्हा त्यांनी हात जोडले. ती म्हणाली, “रहने दीजिए अंकलजी, मास्टर लोग ही सबसे बड़े चोर होते हैं.” ते हसले, तीही हसली. मला हसू आलं नाही. एकोणपन्नास वर्षं मी या माणसाचा शब्द तपासून पाहिला नव्हता.

आठ दिवसांनी घरी आले. मी भिंग आणलं आणि रोज सहाला स्वतः वाकून आकडा वाचायला लागले. त्यांनी बोलायचं नाही, असं मी सांगितलं होतं. ते भिंतीला हात टेकून उभे राहायचे, मी वाचायची, लिहायची, निघून जायची. सगळे आकडे खरे होते. घरात सकाळचा आवाज मात्र बंद झाला होता. एकदा हळूच म्हणाले, “आज मी वाचू?” मी “नाही” म्हटलं. त्यानंतर चौथ्या दिवशी ते गेले, चहाचा कप टेबलावर ठेवता ठेवता. डिसेंबर वाया गेला नसता तर किती दिवस मिळाले असते, हे मी डॉक्टरांना विचारलं. ते सांगता येत नाही, म्हणाले. मला वाटतं, त्यांना सांगायचं नव्हतं.

तुम्ही येण्याआधी आजोबांनी नव्या चपला घेतल्या होत्या. माझ्यासमोरच वापरायचे. मोज्यांवर जुन्या बसत नाहीत म्हणाले आणि मी मान डोलावली. परवा झाडलोट करणाऱ्या गेंदाबाईने त्या नवऱ्यासाठी मागितल्या, म्हणून धूळ पुसायला उलट्या केल्या. तळाशी दहा लिहिलं होतं. आजोबांचा पाय आठ नंबरचा. म्हणजे दुकानात बसून त्यांनी आपला पाय पाहिला होता, मोठा नंबर मागितला होता, आणि घरी येऊन मला एकाहत्तर सांगितलं होतं. माझा राग गेलेला नाही. जाईल असं वाटत नाही. गेंदाबाईला मी दुसऱ्या चपला आणून दिल्या. या दहा नंबरच्या त्यांच्या खाटेखाली आहेत.