बिनसाच्याची बिस्किटं

वसईच्या गोखिवऱ्यात ज्याला वसुंधरा साटमच्या हातची बिस्किटं मिळाली, त्याने खुशाल समजावं की आपल्या हातून काहीतरी चांगलं घडलंय. तोंडाने 'थँक्यू' म्हणणं तिला मुळीच मान्य नाही. लोक लिफ्टचं दार धरलं तरी थँक्यू म्हणतात आणि जीव वाचवला तरी थँक्यूच म्हणतात, मग फरक काय राहिला, असा तिचा रोखठोक सवाल. तिच्या मते आभाराला आकार हवा. तोही फूल, चांदणी, बदाम असला बाजारू नव्हे. त्या माणसाने नेमकं काय केलं, त्याचा आकार.

आकारातलं तिला कळतं, हे मात्र कोणी नाकारू नये. गोखिवऱ्यातल्याच एका गाळ्यात तिने सत्तावीस वर्षं ड्रॉइंग काढली. तिथे विजेच्या पॅनेलचे पत्र्याचे डबे बनायचे. पत्रा कुठे कापायचा, कुठे वाकवायचा, भोक कुठे पाडायचं, सगळं तिच्या कागदावरून ठरायचं. अर्धा मिलिमीटर चुकला तरी झाकण बसत नाही, आणि तिचं झाकण बसलं नाही असं कोणाला आठवत नाही. तिला तर नाहीच नाही. निवृत्त झाली तेव्हा मालकांनी शाल आणि नारळ पुढे केला. तिने तो घेतला आणि वर पत्रा कापायची कात्रीही मागून घेतली. त्या कात्रीने ती तेलाच्या रिकाम्या डब्यांच्या पट्ट्या कापते, पकडीने वाकवते, कडा घासते आणि बिस्किटाचा साचा करते. प्रत्येक आभाराला नवा साचा. काम झालं की तो भिंतीवरच्या खिळ्याला टांगायचा. दुसऱ्या कोणासाठी तो पुन्हा खाली उतरत नाही.

स्वयंपाकघराच्या भिंतीवर असे एकोणचाळीस साचे आहेत. टँकर बंद होते त्या आठवड्यात ज्या पंपवाल्याने कुठून कुठून जोडाजोड करून इमारतीला पाणी पुरवलं, त्याच्यासाठी नळ, आणि नळाच्या तोंडाशी निळ्या आयसिंगचा एकच थेंब. लेकीच्या, उन्नतीच्या, गणिताच्या सरांसाठी कान. सर खडू कानावर ठेवायचे आणि वर्गभर शोधत फिरायचे, पण त्यांच्यामुळेच उन्नती गणितात तरली. डबा उघडून सरांनी एक कान उचलला आणि हसता हसता डोळे पुसले. उन्नती आता अंधेरीला नोकरी करते, बिस्किटांना कुकीज म्हणते आणि आईने त्या ऑनलाइन विकाव्यात म्हणून मागे लागते. "आभार विकायला काढू का?" एवढंच आई विचारते आणि तो विषय तिथेच मिटतो.

तर अशा या बाईचं घोडं अडलं ते भागूबाईपाशी.

भागूबाई पाचूबंदरच्या कोळीवाड्यातली. वीस वर्षं ती आठवड्यातून तीनदा मासळीची पाटी घेऊन गोखिवऱ्यात येते आणि इमारतीच्या फाटकाशी बसते. तिच्या पापलेटाशिवाय साटमांचा रविवार कधी झाला नाही. थोडी मासळी खपली की ती पुढच्या इमारतीकडे निघते. भरली पाटी एकटीने डोक्यावर चढत नाही, समोरून कोणीतरी हात लावावा लागतो. कधी वॉचमन लावायचा, कधी रस्त्याने जाणारा कोणी. वसुंधराने वीस वर्षांत एकदाही लावला नाही. "माझे लोण्याचे हात गं," ती म्हणायची, "बिस्किटांना वास लागतो."

एप्रिलमध्ये एका दुपारी वसुंधरा लोणी आणायला वसई पश्चिमेला गेली होती. तिचा नवरा प्रल्हाद बँकेतून उन्हातून चालत आला आणि फाटकाशीच कोसळला. उष्माघात. वॉचमन जेवायला गेलेला. भागूबाईने पाटीतला सगळा बर्फ उपसला, फडक्यात बांधून त्याच्या मानेला आणि काखेत लावला, आरडाओरडा करून रिक्षा थांबवली आणि त्याला घेऊन हॉस्पिटल गाठलं. वसुंधरा पोचली तेव्हा त्याला सलाइन लागलं होतं आणि भागूबाई निघून गेली होती. इकडे तिची मासळी बर्फाविना उन्हात पडून वाया गेली, आणि मांजरांची चंगळ झाली. "वेळेत आणलं म्हणून," डॉक्टर म्हणाले. आठवड्याने डॉक्टरांना घड्याळाची बिस्किटं पोचली, काटे बरोबर पावणेदोनवर.

पण भागूबाईसाठी आकार सुचेना. रिकाम्या हाताने तिच्यासमोर जायची लाज वाटायला लागली, तेव्हा वसुंधराने आपला नियम गुंडाळून ठेवला आणि एक चांगलं नऊवारी लुगडं आणलं. भागूबाईने ते उघडूनसुद्धा पाहिलं नाही.

"लुगडं देऊन मोकली होतेस काय? ठेव घरात," ती म्हणाली. "आनि ऐक, आता बंदी लागली की मी काय परत यायची नाय. गुडघे गेले माझे. पाटी ठेवली म्हनून समज."

पावसाळ्यात मासेमारीला बंदी असते, जूनच्या एक तारखेपासून. म्हणजे हातात उरले तीन आठवडे. वसुंधराचं धाबं दणाणलं. नवरा समोर बसून आमटीभात खातो आहे, चवीला मीठ कमी म्हणून कुरकुरतो आहे, आणि ज्या बाईमुळे त्याची कुरकुर ऐकायला मिळते आहे ती काही न घेताच निघून जाणार. हे तिला सहन होईना. असं झालं तर भिंतीवरच्या एकोणचाळीस साच्यांना काय अर्थ उरला?

मग तिने मासा केला. कोळीणबाईला मासा, यात विचार तो काय करायचा! गोल पोटाचं पापलेट, चांदीसारखी करडी झाक, मोठी शेपटी, पोटाखाली दोन पर. दोन डझन बिस्किटं डब्यात रचून ती फाटकाशी गेली.

भागूबाईने एक उचललं, उलटंसुलटं पाहिलं. "ह्यो कुठला मासा?"

"पापलेट!"

"ह्यो?" भागूबाई इतकी हसली की तिला पाटीच्या काठाला धरावं लागलं. "अगो बाय, पापलेटाला पोटाखाली पर कुठं असतात? आनि शेपटी ही अशी, पंख्यासारखी? वीस वर्सं माझ्याकडनं पापलेट खाल्लंस आनि कधी नीट बघितलं नाय?"

बघितलं नव्हतं हे खरं. वीस वर्षं वसुंधरा वरच्या खिडकीतून ओरडायची, "दोन पापलेटं कापून ठेव गं!" आणि खाली येईपर्यंत पिशवीत तुकडे तयार असायचे. अर्ध्या मिलिमीटरचा अभिमान बाळगणाऱ्या बाईने अख्खा मासा डोळ्यांनी पाहिला नव्हता. डबा तसाच परत आला. प्रल्हादने ते पापलेट चहाबरोबर खाल्लं आणि चव उत्तम असल्याचं सांगितलं. त्याला त्या दिवशी दुसरा कप मिळाला नाही.

चूक झाली तर रडत बसायचं नाही, पुन्हा माप घ्यायचं, ही गाळ्यातली शिस्त. दुसऱ्या दिवशी सकाळी वसुंधरा वही, पेन्सिल आणि फूटपट्टी घेऊन पाचूबंदरला हजर. मासळीचा लिलाव जोरात चालला होता. ती सरळ पापलेटांच्या ढिगापाशी उकिडवी बसली आणि मापं घेऊ लागली. शेपटीला दोन टोकं, त्यातलं खालचं लांब. पोटाखाली पर नाहीतच. बायका गोळा झाल्या. "मासळीला ब्लाउज शिवते काय गो?" एकीने विचारलं आणि बाकीच्या खदखदल्या. वसुंधराने ढुंकूनही पाहिलं नाही. माप चालू असताना ती कोणाचं ऐकत नाही.

भागूबाई तिथेच पाटी भरत होती. तिने कमरेचं एक फडकं काढलं, पिळून गोल वळलं आणि डोक्यावर ठेवलं. पाटी टोचू नये म्हणून खाली ठेवतात ती चुंबळ. ठेवली, काढली, पुन्हा वळली, पुन्हा ठेवली.

"मेली बसतच नाय," ती पुटपुटली. "पाटी हलते."

"जुनी कुठे गेली?" वसुंधराने वहीतून डोकं वर न काढताच विचारलं.

"ती गेली त्याच दिवशी. तुझ्या मानसाच्या डोक्याखाली दिली ना. जमीन ही तापलेली, त्याचं डोकं कुठं टेकवनार? तशीच त्याच्यासंगती हॉस्पिटलात गेली. दुसऱ्या दिवशी इचारायला गेली, तर कचऱ्यात गेली म्हनले." भागूबाईने फडकं पुन्हा पिळलं. "सासूच्या लुगड्याची होती. हिरवी, तांबड्या काठाची. डोक्याला बसलेली गो. जाऊ दे. फडकंच ते."

वसुंधराची पेन्सिल थांबली. तिला स्वतःचा भयंकर राग आला. मासा हा भागूबाईचा धंदा. तिने त्या दुपारी केलं ते वेगळंच होतं. बर्फ दिला, मासळी सोडली, आणि डोक्यावरची चुंबळ काढून एका परक्या माणसाच्या डोक्याखाली ठेवली. आपण मात्र कोळीण म्हटल्यावर मासा काढून मोकळ्या झालो! फूल आणि चांदणी काय वाईट होती मग? तिने वही मिटली, फूटपट्टी पिशवीत टाकली आणि तडक घर गाठलं.

"त्या दिवशी डोक्याखाली काय होतं आठवतं?" तिने दारातूनच प्रल्हादला विचारलं.

त्याने बराच विचार केला. "मऊ होतं काहीतरी," तो म्हणाला. "मासळीचा वास येत होता. मला वाटलं, आज रविवार आहे आणि मी घरी पोचलो."

वसुंधरा स्वयंपाकघरात गेली आणि ओट्याशी उभी राहून मनसोक्त रडली. मग तोंड धुऊन तिने मैदा चाळायला घेतला.

चुंबळीला साचा चालत नाही. ती कापून होत नाही, वळावीच लागते. सत्तावीस वर्षं पत्र्याची मापं आखणाऱ्या हातांना हे नवीन होतं. पहिला घाणा ओव्हनमध्ये पसरला आणि बांगड्या झाल्या. दुसऱ्याला चिरा गेल्या. पण हार मानणं तिच्या स्वभावातच नाही. तिने लोणी कमी केलं, वळलेलं पीठ तासभर फ्रीजमध्ये गार केलं, हिरव्या पिठाची दोरी आणि तिच्या कडेने बिटाच्या रसाची तांबडी, दोन्ही एकत्र पिळून गोल जोडली. तिसऱ्या घाण्याला पीळ जसाच्या तसा राहिला. वीस लहान झाल्या आणि शेवटी एक मोठी, अगदी डोक्याच्या मापाची. माप कुठून घेतलं म्हणाल, तर स्वतःच्याच डोक्यावर ठेवून पाहिलं. प्रल्हाद पाहत होता, पण या खेपेला त्याने शहाणपणाने वर्तमानपत्रात डोकं खुपसलं.

एकतीस मे, रविवार. हंगामाची शेवटची पाटी घेऊन भागूबाई फाटकाशी बसली होती. वसुंधरा खाली आली, मागून प्रल्हाद. तिने डबा उघडून पुढे धरला.

भागूबाईने झाकणाआड डोकावलं. हसायच्या तयारीतच होती ती, पण हसली नाही. तिने मोठी चुंबळ दोन्ही हातांनी उचलली, हिरव्या पिळावरून आणि तांबड्या काठावरून बोट फिरवलं. मग सावकाश ती डोक्यावर ठेवली, हात सोडले आणि मान ताठ ठेवून फाटकापासून रस्त्यापर्यंत चार पावलं चालून आली. बिस्कीट हललं नाही.

"बसली गो," ती म्हणाली. "सासूचीच बसली."

"भागूबाई, माझा माणूस तू परत आणलास," वसुंधरा म्हणाली. आयुष्यात पहिल्यांदाच ती हे तोंडाने बोलत होती आणि तिला ते जमलं.

भागूबाईने चुंबळ डोक्यावरून काढली, एक तुकडा मोडून प्रल्हादला दिला, एक स्वतः तोंडात टाकला. बाकी डब्यात ठेवून झाकण घट्ट लावलं आणि डबा जवळच्या पिशवीत घातला. मग रोजचं फडकं वळून डोक्यावर ठेवलं आणि ती पाटीशी वाकली. अजून दोन इमारती राहिल्या होत्या. वॉचमन खुर्चीवरून उठू लागला.

"तू बस," वसुंधरा त्याला म्हणाली. तिने बाह्या वर सारल्या, समोर येऊन ओल्या पाटीच्या काठाला दोन्ही हात लावले आणि भागूबाईच्या डोळ्यांत पाहत म्हणाली, "चल, उचल."