पाय पुढे करून चालणारी सायकल

पडदा वर जातो आणि समोर दिसतो तो मारुतीचा पार. राहात्याच्या अलीकडचं लहानसं गाव, थंडीतली सकाळ, देवळाभोवती गोल मोकळी जागा, आणि देवळाच्या दारावर नाकासमोर येऊन थांबणारी एक बोळ. पारावर म्हातारी मंडळी उन्हाला पाठ देऊन बसलेली. नेपथ्य एवढंच. आता बोळीतून सहादेवाचा प्रवेश होतो, आणि तो चक्क उताणा येतो.

म्हणजे सायकलीवरच, पण उताणा. जमिनीपासून हातभर उंचीवर नवारीची तिरपी बैठक, तिला पाठ टेकलेली, पाय पुढे सोडलेले आणि पायडल पार पुढच्या चाकाच्याही पुढे. दोन जुन्या सायकली कापून, सांधून त्यानं ही घरामागच्या छपरात जन्माला घातली होती.

बोळीच्या तोंडाशी त्याची बायको चांगुणा उभी होती. या माणसाला तिनं सायकलीवर फार निराळ्या रूपात पाहिलं होतं. तरुणपणी सहादेव चौकाचौकांत न थांबता सायकल चालवण्याचे खेळ करी. आठ-आठ दिवस, जमिनीला पाय न लावता. आंघोळ सायकलीवर, दाढी सायकलीवर, वर कर्ण्यावर गाणी. लग्नाआधी तिनं त्याला पहिल्यांदा पाहिलं ते संगमनेरच्या एका मैदानात. डोळे मिटून चालला होता गडी, आणि चाक मात्र आखल्या रेषेवरून तसूभर ढळत नव्हतं. हा झोपलाय की जागा आहे, हे काही तिला कळलं नव्हतं. ती नुसती बघत राहिली होती.

पुढे खेळ बंद पडले, लोकांच्या हातात मोबाईल आले आणि सहादेवाचा मणका खचला. सीटवर ताठ बसायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं. चालायचं तर चार पावलांत कंबर धरायची. वर्षभर तो खाटेवर आढ्याकडे बघत पडून होता. मग एक दिवस उठला आणि करवत कुठं आहे म्हणून विचारलं.

तर ही त्या करवतीची करणी आता मारुतीसमोर आली होती. वळायच्या जागी सहादेवानं हँडल फिरवलं आणि टाच पुढच्या चाकात अडकली. सायकल वळलीच नाही. दोन्ही तळपाय पुढे करून तो सरळ गेला आणि देवळाच्या पायरीवर धाडकन आदळला.

पारावर कुणीतरी म्हणालं की, जिवंतपणी स्वतःची तिरडी बांधणारा हा पहिलाच. हशा पिकला. गुरव गोरक्षनाथ मात्र हसले नाहीत. त्यांनी ओल्या फडक्यानं पायरी पुसली आणि सहादेवाला हात देऊन उठवलं.

"तुझं दुखनं मला ठावं हाय, सहादेव. पर देवाकडं पाय करून यायचं न्हाई. दुसरी वाट बघ."

दुसरी वाटच नव्हती. बोळ देवळापाशी येई आणि देवळाला वळसा घालूनच रस्ता लागे.

घरी चांगुणेनं तोंड सोडलं. "पाय पुढं करून मानूस घराभायेर एकदाच जातो. मोडून टाका ते."

"खाटंवर बी मी असाच पडलोय की," सहादेव म्हणाला. "हिला चाकं हायती, एवढाच फरक."

 पुन्हा पायरीला पाय लागला तर आपल्या हातानं भंगारवाल्याला देईन, असं तिनं निक्षून सांगितलं. सहादेवानं मान डोलावली.

मग छपरातून रोज कानशीचा आवाज येऊ लागला. पुढचं मोठं चाक गेलं, तिथं लहान मुलांच्या सायकलीचं चाक आलं, म्हणजे टाच वरून निघून जाईल. पायडल उचललं गेलं. सांधलेली साखळी सारखी उतरायची, तिला मध्ये आधार दिला. अंगणात त्यानं राखेनं एक गोल आखला आणि त्यावर उताणा फिरू लागला. पडायचा, सोलपटायचा, उठायचा. चांगुणा हळद लावायची आणि पुटपुटायची, की जायचंय रस्त्याला, तर हे गोल गोल कशाला? दुसऱ्या दिवशी तो राखेचा गोल आणखी लहान करायचा.

शेवटी तो दिवस आला. सहादेवानं सायकल हातानं ढकलत, मध्ये मध्ये कंबर धरून थांबत, पारापर्यंत आणली. देव उजव्या हाताला येईल अशी ती उभी केली आणि बैठकीत पाठ टेकली. चांगुणा दोन्ही हात पदरात गुंडाळून उभी.

पहिलं पायडल पडलं. लहान चाक वळलं. टाच त्याच्या वरून अलगद गेली, पुन्हा गेली. सायकल देवळाच्या कडेनं फिरू लागली, आणि तेव्हा कुठं चांगुणेच्या ध्यानात आलं. देव सतत उजवीकडे, आणि पाय पुढच्या वाटेकडे. गोल पुरा झाला, पण सहादेवाचे पाय एकदाही देवाकडे झाले नव्हते. उताण्या माणसानं मारुतीला प्रदक्षिणा घातली होती.

 गोरक्षनाथ गाभाऱ्यातून बाहेर आले. मग खाली उतरले, वाकले आणि फिरण्याच्या वाटेत पडलेल्या म्हाताऱ्यांच्या वहाणा हातानं उचलून बाजूला ठेवल्या.

चांगुणा पुढे सरकून बघू लागली. मैदानात बघितलेला तोच चेहरा, केस तेवढे पांढरे. आता तो रस्त्याला लागेल म्हणून ती थांबली. रस्त्याचं तोंड आलं, गेलं. सहादेव वळलाच नाही. पुन्हा आलं, पुन्हा गेलं. तो जवळून जाताना तिनं विचारलं, "अवो, कंबर दुखती का?" तोवर तो देवळामागे गेला होता. उत्तर ऐकायला तिला आख्खी फेरी थांबावं लागलं.

देवळाआडून आधी पाय आले, मग सहादेव आला.

"तू जेवून घे," जाता जाता तो म्हणाला. "मला येळ लागंल."