हितेंद्रचा उजवा कान

हितेंद्र राणे आमच्या भजन मंडळाचा पखवाजी. दिवसभर हिंदमाताला एका दुकानात गादीवर बसून साड्या उलगडतो आणि संध्याकाळी लालबागला चाळीत येऊन पखवाज घुमावा म्हणून त्याला कणीक लावतो. मी पेटीवर असतो, म्हणून मला बुवा म्हणतात. माणूस भलताच भिडस्त. गिऱ्हाइकाने पन्नास साड्या उपसून काही न घेता काढता पाय घेतला, तरी हा आपला "या परत" म्हणणार.

पखवाजाच्या बाबतीत मात्र तो कुणाच्या बापाचं ऐकत नसे. त्याचे वडील गिरणीतल्या मंडळात वाजवायचे. त्यांनी पोराला आधी जुळवायला शिकवलं, वाजवायला नंतर. मी पेटीची काळी चार दाबून धरायची आणि पखवाजाची उजवी पुडी त्याच सुरात बोलेपर्यंत ह्याने हातोडीने ठोकत राहायचं. आम्ही ताटकळायचो, शिव्या द्यायचो. पण एकदा जुळला की पहिल्याच थापेला अंगावर काटा यायचा, हे मान्य करायलाच हवं.

मे महिन्यात तो आईला घेऊन मालवणला गावी गेला. तिथे त्याचा चुलतभाऊ निलेश पर्यटकांना स्कुबाला नेतो. हितेंद्रला सर्दी झाली होती, आणि सर्दी असताना पाण्याखाली जायचं नसतं. निलेशने विचारलंसुद्धा. पण बोटीवरचं कुणीतरी हसत म्हणालं, "काय रे चाकरमान्या, पाण्याक भियतस?" आता हा शब्द लालबागच्या माणसाला किती झोंबतो, ते बाहेरच्याला कळायचं नाही. मुंबईत आम्ही मालवणी आणि मालवणात मुंबईवाले. हितेंद्र म्हणाला, सर्दीबिर्दी काही नाही, चल.

खाली जाताना नाक दाबून हळूच फुंकायचं, म्हणजे कान मोकळे होतात. नाही झाले तर अंगठा वर करायचा, की लगेच वर आणतात. हितेंद्रचा उजवा कान मोकळा झालाच नाही. कळ यायला लागली. निलेशने खुणेने विचारलं आणि ह्याने भिडेखातर 'ठीक आहे' अशी खूण केली. आणखी थोडं खाली गेल्यावर कानात काहीतरी फाटलं आणि सगळं पाणी गरगरा फिरायला लागलं. निलेशने त्याला धरून वर काढलं, तेव्हा त्याला उभंही राहता येत नव्हतं.

घरी जाईबाईंनी, म्हणजे त्याच्या आईने, जे आमच्या सगळ्यांच्या आया करत आल्या तेच केलं. खोबरेल तेलात लसूण कडकडवली, तेल कोमट केलं, पोराचं डोकं मांडीवर घेतलं आणि कानात थेंब सोडले. "निज आता. सकाळपर्यंत बरो होतलो," म्हणाल्या. पडद्याला भोक पडलंय हे त्या माउलीला कसं कळावं?

मुंबईला येईस्तोवर कानातून पू वाहायला लागला होता. दादरच्या डॉक्टरीणबाईंनी तपासलं आणि विचारलं, "कानात काही घातलं होतं का?" आई शेजारी बसलेली. हितेंद्र म्हणाला, "नाही." जाईबाई म्हणाल्या, "मी घातलंय. लसणीचा तेल." डॉक्टरीणबाई रागावल्या नाहीत. तेलाने पू झाला, तो औषधाने जाईल, पडदाही भरेल. पण कानाच्या आत खोलवर जी इजा झाली आहे ती पाण्याच्या दाबाने, तिचं आज सांगता येत नाही, असं त्यांनी समजावलं. जाईबाईंनी त्यातलं तेल तेवढं ऐकलं. त्या दिवसापासून त्यांनी हितेंद्रशी बोलणं कमी केलं. रागाने नव्हे, तोंड दाखवायची लाज वाटायची त्यांना.

पावसाळा गोळ्यांवर गेला. आंघोळीला कानात व्हॅसलीनचा बोळा, नाक जोरात शिंकरायचं नाही, जिना भिंतीला धरून उतरायचा. चक्कर गेली, पडदा भरला. पण उजव्या कानात एक बारीक शिट्टी राहिली, आणि पेटीचा एकच सूर दोन कानांत निरनिराळा ऐकू यायला लागला. डॉक्टरीणबाईंनी शेवटी सांगितलं, की आता ह्याहून फार सुधारणा होईल असं वाटत नाही. हे त्याने मला दुकानाबाहेर, रस्त्यात उभं राहून सांगितलं. मी त्याला चहा पाजला.

गणपती तोंडावर आले, तसा तो तालमीला आला. मी काळी चार धरली. तो ठोकत राहिला, मान वळवून डावा कान लावत राहिला आणि अखेर म्हणाला, "झाला." नव्हता झाला. पखवाज पेटीच्या सुराखाली चांगलाच उतरलेला होता. अभंग झाल्यावर त्याने आमच्याकडे पाहिलं. "जुळलाय ना?"

"मस्त," मी म्हणालो. टाळकरीही म्हणाले, एक नंबर. आजारातून उठलेल्या माणसाला आणखी काय म्हणायचं? पण तो हातोडी हातात धरून तसाच बसला. वर्षानुवर्षं ज्यांच्या शिव्या खाल्ल्या, तेच आज एका सुरात कौतुक करतायत, हे त्याला कळत होतं. मला वाटलं, आता हा पखवाजाला खोळ घालणार आणि पुन्हा काही काढणार नाही.

जाईबाई दाराशी बसून ऐकत होत्या. आधी नवऱ्याचं आणि मग पोराचं ठोकणं ऐकण्यात त्यांचा जन्म गेला होता. त्या उठून आत आल्या. पदर तोंडाशी धरलेला. पोराचा कान आपण घालवला असं समजणाऱ्या बाईला हे वाक्य बोलायला किती जड गेलं असेल, ते मी पाहिलं आहे.

"झिला," त्या म्हणाल्या, "पखवाज जुळाक नाय."

आम्ही सगळे माना खाली घालून बसलो. हितेंद्रने आईकडे पाहिलं. डोळे भरले होते त्याचे, पण चेहरा मोकळा झाला होता.

"मगे हय बस," तो डावीकडे सरकून आपल्या उजव्या कानाशी जागा करत म्हणाला. "तू आयक, मी ठोकतंय."

जाईबाई त्याच्याजवळ टेकल्या. मी पुन्हा काळी चार दाबली. त्याने थाप मारली आणि आईकडे पाहिलं. त्यांनी मान हलवली: नाही, अजून.