नंतर काढते

लग्नाची फोटोग्राफी शिकायची ठरवली तेव्हा मी स्वतःपुरते काही नियम केले होते, आणि त्या नियमांचा मला भारी तोरा होता. फुकट असलं तरी कुणाचं लग्न एकटीने अंगावर घ्यायचं नाही. लग्न पुन्हा लागत नसतं, माझ्या शिकण्यापायी कुणाचा दिवस वाया जायला नको. मी नवीन आहे, हे घरच्यांना आधीच सांगायचं. आणि रडणाऱ्या माणसाचा फोटो विचारल्याशिवाय काढायचा नाही. नांदेडला ज्यांच्या हाताखाली शिकत होते ते सर यावर हसायचे. "तुम्ही विचारत बसा मॅडम, तोवर नवरी सासरी पोचलेली असेल," म्हणायचे.

माझं पहिलं लग्न मुदखेडला. नवरी जवळच्याच खेड्यातली, शेतकऱ्याघरची, आणि नवरा उदगीरचा. सर स्टेज सांभाळणार, मी इकडेतिकडे फिरून मिळेल ते टिपणार. सकाळीच नवरीला आणि तिच्या आईला सांगून टाकलं की मी अजून शिकतेय. आईने मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"शिक की माय. माझी लेक तरी कुठं आधी नवरी झाली व्हती?"

मंगलाष्टकं सुरू झाली. आम्ही बौद्ध. आमच्याकडे लग्नात आई पुढ्यातच असते, म्हणून मी सवयीने तिला शोधत होते. मामा दिसले, वडील दिसले, आई कुठेच नाही. शेजारच्या बाईला विचारलं.

"लेकीवर अक्षता पडताना आईनं बघू न्हाई. ती मागं तुळशीला पाणी घालून राहिली."

मी मागे गेले. आचाऱ्याच्या भट्ट्यांपासून जरा बाजूला एका कुंडीत तुळस होती. आई तांब्या घेऊन उभी. आत माईकवर 'सावधान' झालं की ती थोडं पाणी घाली आणि पदर तोंडात कोंबून रडे. कुंडी केव्हाच भरून वाहायला लागली होती, तिच्या पायांखाली चिखल झाला होता. असा फोटो मला पुन्हा मिळणार नाही, हे तेव्हाच कळलं. मी कॅमेरा उचलला आणि विचारलं, "काढू का?"

तिने हात हलवला. "आसा नको माय. तोंड कसं झालंय बघ. मी तोंड धुते, मग काढ. लेकीसंगं काढ. आमचा दोघींचाच, चांगला."

"नंतर काढते," मी म्हणाले आणि कॅमेरा खाली केला.

खोटं कशाला बोलू, मला स्वतःचा अभिमान वाटला. हाताशी आलेला फोटो मी सोडला होता! जेवताना सरांना ते दोनदा ऐकवलं. एवढं स्वतःचं कौतुक केलं आणि दिलेला शब्द मात्र साफ विसरले. पुढे पंगती, आहेर, स्टेजवरची रांग. पाठवणीला सरांनी मला लाइट धरायला लावला. गर्दीतून आई माझ्याकडे बघून काहीतरी म्हणाली. बँडच्या आवाजात ऐकू आलं नाही, मी नुसती हसून मान हलवली.

दोन वर्षांनी ती नवरी माझ्या दुकानात आली. एव्हाना मी एकटीने लग्नं घ्यायला लागले होते. तिची आई गेली होती, मेंदूतली नस फुटून, एका दिवसात. तिला लग्नातला दोघींचा फोटो हवा होता. अल्बममध्ये नव्हता, माझ्याकडे कुठे राहिला असेल तर.

नाही हे ठाऊक असूनही मी सरांकडून सगळे फोटो मागवले आणि तिला शेजारी बसवून एकेक उघडला. लेकीसोबत आई एकाच फोटोत होती. पंचवीस-तीस जणांत, मागच्या रांगेत, अर्धा चेहरा मामांच्या फेट्याआड. मग मी तिला सगळं सांगितलं. तुळस, चिखल, 'आसा नको', 'नंतर काढते'. सांगताना मला रडू आवरेना. तिने चार शब्द सुनावले असते तर बरं वाटलं असतं.

"मला म्हाईत हाय, ताई," ती म्हणाली. "आईनं सांगितलं व्हतं. तरी म्हणलं, एकदा इचारून बघावं." मग त्या फेट्याआडच्या चेहऱ्याकडे बघत म्हणाली, "अल्बम आला तवा तिनं आधी त्योच फोटो हुडकला. पुढून मागं, मागून पुढं. मी म्हणलं, त्या ताईला फोन लावू का? तर म्हणली, नको, नवी पोर हाय. तिच्या सरांना कळलं तर तिला बोलतील."