मानकऱ्यांच्या देवाचा कौल

मानकऱ्यांच्या घरातल्या त्या बाईचा मला अजून राग येतो, आणि तो जावा अशी माझी मुळीच इच्छा नाही. देवगडच्या बाजूला त्यांच्या हापूसच्या बागा, देवळात पहिला मान त्यांचा, पालखी आधी त्यांच्या अंगणात. त्या बाईचा थोरला मुलगा मला आवडायचा, आणि मी त्याला. त्याच्या घरात बसलेला हा पहिला धक्का.

मी तेव्हा विजयदुर्गाजवळच्या एका शाळेत शिकवायचे. शाळा सुटली की तो बाइक घेऊन फाटकापाशी उभा. बागेतला पहिला आंबा देवाला जातो, ही त्यांच्याकडची पिढ्यांची रीत. यानं तो फडक्यात गुंडाळून माझ्या हातात ठेवला आणि म्हणाला, "देवाक उद्या, तुका आज." मी वेडी भाळले. देवाला न भिणारा माणूस कुणालाच भिणार नाही, असं मला वाटलं.

मग त्याची आई लग्नाचं बोलायला आमच्याकडे आली. मालवणी तिला येत नव्हती असं नाही, गड्यांशी ती तीच बोलायची. आमच्याशी मात्र शुद्ध मराठी, तीही आम्ही परगावचे असल्यासारखी. चहा तिनं नुसता ओठाला लावला. म्हणाली, आमच्या सुना नोकरी करत नाहीत. बाबा म्हणाले, होय. म्हणाली, लग्न आमच्या दारात, तुमची माणसं मोजकी. बाबा म्हणाले, होय. जन्मभर कचेरीत कारकुनी केलेला माणूस, एवढ्या मोठ्या घरात लेक जाणार म्हणून हरखून गेला होता. ती गेल्यावर मी त्यांच्यावर चवताळले. नोकरी सोडायला माका कोण सांगणार, म्हटलं. त्यांनी तिचा भरलेला कप उचलून आत नेला.

नाकारायला काही सापडेना, तेव्हा तिनं शेवटचं काढलं. देवाचा कौल घेतल्याशिवाय त्यांच्या घरात सून येत नाही. खरं तर तिला डावाच, म्हणजे नकाराचाच कौल हवा होता. मुलाला नाही म्हणून वाईट व्हायला ती तयार नव्हती, ते काम तिनं देवावर टाकलं.

गावकरी सभामंडपात बसले. गुरवानं देवाच्या पाषाणावर ओल्या पाकळ्या चिकटवल्या, उजवीकडे आणि डावीकडे. उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. त्यानं गाऱ्हाणं घातलं, बा देवा म्हाराजा, ह्या घरात ही सून येवची काय, आणि सगळे म्हणाले, होय म्हाराजा. सगळ्यांत मोठा आवाज माझ्या बाबांचा. रागाच्या खाली मला तो मुलगा हवाच होता, हे खोटं कशाला बोलू?

उजवी पडली.

गुरव हसला. त्या बाईचा चेहरा दगडासारखा झाला. ती म्हणाली, प्रश्न नीट विचारला नाही, परत लावा. देवळात चुळबुळ झाली. डावा पडला तर लोक पुन्हा विचारतात. पण उजवा मिळाल्यावर परत विचारणं म्हणजे देवाला खोटं पाडणं, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही कळतं. गुरवानं हात मागे घेतला आणि मुलाकडे बघितलं. सगळ्यांनीच बघितलं. मीही.

तो पायाच्या अंगठ्यानं फरशी घासत होता. मग म्हणाला, "आई म्हणतेय तर परत विचारूया ना." माझ्याशी इतके दिवस मालवणीत बोललेला हा, आईच्या मराठीत बोलला.

देवाच्या आधी आंबा खाऊ घालणारा गडी! माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आणि पाणी आलं म्हणून जास्तच संताप झाला. गुरव भीतभीत नवी पाकळी भिजवत होता. मी उठून उभी राहिले. त्या देवळात बायका बोलत नाहीत. मी गुरवाला म्हटलं, थांब.

मग तिच्याकडे बघून म्हटलं, "देवान उजवो दिल्यान. माजो डावो आसा."

ती बाई तोंड उघडून राहिली, आणि तो अजून फरशीकडेच बघत होता. मी चपला घालायला वळले. तेवढ्यात मागून आवाज आला, मघासारखाच मोठा, फक्त थोडा कापरा. बाबा हात जोडून उभे होते.

"होय म्हाराजा."